कुलूप आहे, पण लावलंय का?

बालमित्रांनो, रात्री झोपण्यापूर्वी तुमच्या घरात शेवटचं काम कोण करतं? आमच्या घरी ते आईचं. दार बंद दिसत असलं तरी ती उठते आणि कडी हाताने ओढून बघते. मग मागच्या दाराचा अडसर बघते आणि मगच दिवा मालवते. "नुसती कडी असून काय उपयोग? ती लावायला नको का?" हे तिचं ठरलेलं वाक्य. लहानपणापासून ऐकलेलं हे वाक्य मी एकदा विसरले आणि ते मला चांगलंच महागात पडलं. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगते.

दोन वर्षांपूर्वीची उन्हाळ्याची सुट्टी. माझा भाचा सातवीची परीक्षा देऊन आमच्याकडे राहायला आला होता. दुपारी ऊन मी म्हणत होतं, म्हणून मीच त्याला म्हटलं, "बस जरा संगणकावर खेळत." त्याला एक विकतचा गेम कुठेतरी फुकट मिळाला. सोबत सूचना होती, की आधी अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर गेम चालणार नाही. त्याने बंद केला. मग पडदा एकदम मंद झाला आणि संगणकाने विचारलं, या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का? त्याने 'हो' दाबलं.

संध्याकाळी पाहते तर काय, एकही फाइल उघडेना! सगळ्यांची नावं बदललेली आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी : पैसे भरा, तरच फाइली परत मिळतील. अशा खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामला 'रॅन्समवेअर' म्हणतात. तो फाइली चोरून नेतोच असं नाही, पण त्यांना स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली आपल्याकडे ठेवतो.

त्या संगणकात काय होतं, माहीत आहे? आमच्या वर्गातल्या मुलांनी आणि मी मिळून दोन वर्षं गावातल्या आजींच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. एकूण ४१ रेकॉर्डिंगं. त्यातल्या दोन आजी आता या जगात नाहीत. आम्ही पैसे भरले नाहीत, कारण पैसे भरूनही फाइली मिळतीलच याची खात्री नसते. शाळेतल्या दुसऱ्या बाईंच्या पेनड्राइव्हवर सात रेकॉर्डिंगं सापडली. बाकीची गेली ती गेलीच.

भाचा रडवेला झाला. "मावशी, माझ्यामुळे गेलं गं सगळं!"

मी म्हटलं, "अरे, तुझी चूक आहेच, पण माझी जास्त आहे. मी तुला घराच्या सगळ्या किल्ल्या देऊन टाकल्या होत्या."

खरंच तसं होतं. त्याला रोखू शकतील अशी कुलपं माझ्या संगणकातच होती. वेगळे पैसे देऊन काही आणायचं नव्हतं. मी ती लावलीच नव्हती! पुष्कळ घरांत विंडोज असते, म्हणून तिचीच उदाहरणं घेऊन ही कुलपं पाहू. मॅक आणि लिनक्सवरही अशी सोय असते, नावं तेवढी वेगळी.

पहिलं कुलूप : ज्याची त्याची खोली

विंडोजमध्ये खाती दोन प्रकारची असतात. 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणजे घरमालक. तो संगणकात काहीही बदलू शकतो. 'स्टँडर्ड' म्हणजे घरातला माणूस. त्याला लिहिणं, चित्र काढणं, खेळणं सगळं करता येतं, पण अख्ख्या संगणकात बदल करणारं काही बसवायचं असेल, तर घरमालकाचा पासवर्ड लागतो. माझ्या घरी एकच खातं होतं, घरमालकाचं, तेही बिनपासवर्डाचं! भाच्याचं वेगळं स्टँडर्ड खातं असतं, तर त्या मंद पडद्यावर नुसतं 'हो' म्हणून भागलं नसतं. माझा पासवर्ड लागला असता. शिवाय एका स्टँडर्ड खात्याला दुसऱ्याच्या फोल्डरात शिरता येत नाही. फार तर त्याच्या स्वतःच्या फाइली गेल्या असत्या, आजींच्या ओव्या वाचल्या असत्या.

दुसरं कुलूप : जागा पहारेकरी

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'डिफेंडर' नावाचा अँटिव्हायरस विंडोजमध्येच येतो. तो दोन गोष्टी पाहतो. एक, आलेली फाइल ओळखीच्या चोरांच्या यादीतली आहे का? दोन, यादीत नसली तरी तिची वागणूक चोरासारखी आहे का? एखादा प्रोग्राम भराभर शेकडो फाइली बदलायला लागला, तर त्याला संशय येतो. हा पहारेकरी तुम्ही बंद केलात, तरी थोड्या वेळाने तो आपणहून जागा होतो. पण चोराला तेवढा वेळ पुरतो. म्हणून एक नियम पाठच करा. जो प्रोग्राम आत येण्यासाठी पहारेकऱ्याला झोपवायला सांगतो, त्याला दारातूनच परत पाठवायचं!

याच पहारेकऱ्याकडे 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' नावाची एक सोय आहे. अनोळखी प्रोग्रामला ती तुमच्या कागदपत्रांच्या आणि फोटोंच्या फोल्डरना हात लावू देत नाही. ती सहसा बंद असते, आपण चालू करावी लागते. कधी कधी ती चांगल्या प्रोग्रामलाही अडवते. मग मोठ्यांनी खात्री करून त्याला परवानगी द्यायची.

तिसरं कुलूप : दारांवरची राखण

नेटवर्कवरून संगणकात येण्याजाण्यासाठी ६५ हजारांहून अधिक क्रमांकाची दारं असतात. त्यांना 'पोर्ट' म्हणतात. कोणतं दार कोणासाठी उघडायचं, हे 'फायरवॉल' ठरवते. बाहेरच्या वाय-फायला जोडताना संगणकाला 'पब्लिक' नेटवर्क असं सांगा, म्हणजे फायरवॉल जास्त कडक होते.

चौथं कुलूप : वेळेवर अपडेट

'अपडेट करा' अशी सूचना आली, की आपण काय करतो? "नंतर!" खरं की नाही? आता हे ऐका. विंडोजच्या एका दारात फट होती. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने ती बुजवणारं अपडेट दिलं. त्यानंतर ५९ दिवसांनी, १२ मे रोजी, 'वॉनाक्राय' नावाचं रॅन्समवेअर नेमकं त्याच फटीतून, ४४५ क्रमांकाच्या दारातून घुसलं. सुमारे १५० देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक त्याने अडकवले. इंग्लंडमधल्या सरकारी आरोग्यसेवेला मोठा फटका बसला. रुग्णांच्या अंदाजे १९ हजार भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. त्या रुग्णालयांतल्या बहुतेक अडकलेल्या संगणकांवर विंडोज ७ होती. तिच्यासाठी अपडेट केव्हाच येऊन पडलं होतं, पण कोणी ते बसवलं नव्हतं. औषध घरात, पण बाटली उघडलीच नाही, असं झालं!

आई-बाबांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. संगणक पूर्वीसारखाच सुरू होतो, म्हणून हे लक्षात येत नाही. पण पुढे सापडणाऱ्या फटी कोण बुजवणार? तुमचा संगणक विंडोज ११ चालवू शकतो का, ते पाहा. चालवू शकत नसेल, तर लिनक्ससारखा मोफत पर्याय आहे.

आणि जादा शिदोरी

कुलपं लावूनही कधी तरी घात होतोच. म्हणून दुसरी प्रत हवी. विंडोजमधली 'फाइल हिस्टरी' ही सोय बाहेरच्या हार्ड डिस्कवर फाइलींच्या प्रती ठेवते. मात्र प्रत झाली, की ती डिस्क काढून कपाटात ठेवा, बरं का! जोडलेलीच राहिली, तर तिच्यावरच्या प्रतीही चोराच्या हाती लागतात.

आता या रविवारी घरातल्या मोठ्यांना सोबत घेऊन एवढं करा :

१. संगणकाच्या शोधचौकटीत 'विंडोज सिक्युरिटी' शोधून उघडा. प्रत्येक ढालीवर हिरवी खूण आहे ना, ते पाहा. पिवळी किंवा लाल असेल, तर तिथे काय लिहिलंय ते वाचा.

२. सेटिंग्जमध्ये जाऊन अपडेट राहिलं आहे का, ते तपासा. राहिलं असेल, तर लगेच बसवा.

३. मुलांसाठी वेगळं स्टँडर्ड खातं उघडा. घरमालकाच्या खात्याला मोठा पासवर्ड ठेवा. तो पडद्याला चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहू नका!

४. उठून जाताना विंडोजचं बटण आणि 'एल' एकत्र दाबा. पडदा लगेच बंद होतो.

५. महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत करा.

आणि सहावी गोष्ट हाताची नाही, डोक्याची आहे. पडदा मंद होऊन संगणक काही विचारू लागला, की थांबा. स्वतःला विचारा, 'मी आत्ता काही बसवत होतो का? हे कुठून आलं?' उत्तर माहीत नसेल, तर 'नाही' दाबा आणि मोठ्यांना हाक मारा. चुकून 'हो' दाबलं गेलं, तर लपवू नका. त्याच क्षणी इंटरनेट तोडा आणि सांगा. आई-बाबांनो, मूल असं सांगायला आलं, तर आधी त्याचं म्हणणं ऐका. ओरडण्याच्या धाकाने ते तासभर गप्प राहिलं, तर तेवढ्या वेळात फार नुकसान होतं.

यंदा आम्ही ओव्या पुन्हा रेकॉर्ड करायला सुरुवात केली आहे. एक आजी जात्याचा खुंटा धरून बसल्या आणि हसत म्हणाल्या, "बाई, ह्या खेपेला नीट ठेवा हो. माझा आवाज काय रोज रोज निघत नाही!"

आता त्यांच्या ओवीच्या तीन प्रती आहेत : एक संगणकात, एक कपाटातल्या डिस्कवर आणि एक शाळेत. माझ्या संगणकावरची खाती कोणी लावून दिली, ओळखा पाहू? भाच्याने! तो आता नववीत आहे. स्वतःसाठी त्याने स्टँडर्ड खातंच ठेवलंय.

मग काय मुलांनो, आज झोपण्यापूर्वी तुमच्या संगणकाची कडी ओढून बघणार ना?