पान आणि पाना

आमच्या घरातील वडीलधाऱ्या मंडळींत सर्वांत वडील आमचे नाना. वय वर्षे ८४. प्रकृतीने काटक, परंतु दम्याचा विकार जुना. दर गुरुवारी सकाळी मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन दोन तास बसावयाचे, हा त्यांचा अनेक वर्षांचा परिपाठ. सयाजीराव महाराजांनी १९१० साली उभ्या केलेल्या त्या ग्रंथालयाविषयी नानांच्या मनात देवालयाइतकाच भाव आहे. रिक्षाचे हादरे त्यांना सोसत नाहीत. म्हणून आमची २००८ साली घेतलेली मारुती ८०० हेच त्यांचे वाहन.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला जो पूर आला, तो बडोदेकर वाचकांना सांगावयास नको. नदीची पातळी पस्तीस फुटांच्या वर गेली आणि ज्या गल्ल्यांत कधी पाणी पाहिले नव्हते तेथेही ते शिरले. आमच्या दारातील गाडी दीड दिवस पाण्यात उभी होती. पाणी आसनांपर्यंत चढले नाही, तळाशी चार बोटे साचले, एवढेच समाधान. पूर ओसरल्यावर आम्ही गाडी सुरू करण्याचा मोह टाळला आणि ती ओढून गॅरेजात नेली. इंजिन वाचले. कार्पेट उन्हात वाळवले आणि आम्ही विषय संपला असे समजलो.

विषय संपला नव्हता. पंधरा दिवसांत गाडीला कुबट वास येऊ लागला. उदबत्ती झाली, कापूर झाला, लिंबाच्या साली झाल्या. एका गुरुवारी अर्ध्या वाटेत नानांना असा ठसका लागला की गाडी परत फिरवावी लागली. पुढच्या गुरुवारी ते तयारच झाले नाहीत. "आज नको, डोळे दुखताहेत," एवढेच म्हणाले. त्यानंतरचे तीन गुरुवारही डोळेच दुखत होते. नाना आपल्यामुळे कोणाला त्रास नको म्हणून खोटे बोलत आहेत, हे कळावयास फार शहाणपण लागत नव्हते.

पुण्याहून चिरंजिवांनी सल्ला दिला, "बाबा, भंगारात द्या ती गाडी." सीटकव्हरच्या दुकानदाराने नवे कार्पेट बसवून देण्याचे साडेपाच हजार सांगितले, वर दिवाळीपर्यंत हात रिकामा नाही, हेही सांगितले. आम्ही विचारात पडलो. ज्या नगरीत १८९० साली कलाभवन स्थापन झाले, हाताच्या कसबाचे शिक्षण देशी भाषेतून देण्याचा प्रयोग जेथे झाला, दादासाहेब फाळके जेथे शिकून गेले, त्या नगरीत आम्ही मुलांना श्रमप्रतिष्ठेवर निबंध लिहावयास सांगतो आणि स्वतः मात्र उभ्या आयुष्यात एक बोल्ट फिरवलेला नाही! दिवाळीच्या सुटीत हे काम आपणच करावयाचे, असे आम्ही ठरविले.

गॅरेजचे मिस्त्री आमचे जुने विद्यार्थी. पान्यांचा संच उसना मागावयास गेलो तेव्हा ते हसून म्हणाले, "साहेब, तमे पानां तो बहु फेरव्यां, हवे आ पानुं फेरवो." पान आणि पाना यांतील अंतर एका मात्रेचेच आहे, हे मराठीचे एम. ए. असूनही आम्हाला त्या दिवशी प्रथम जाणवले.

आता ज्या वाचकांना हे काम घरी करावयाचे असेल, त्यांच्यासाठी क्रमवार सांगतो.

सर्वप्रथम बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवावी. आमच्या गाडीत एअरबॅग नाहीत, त्यामुळे काम सोपे. ज्या नव्या गाड्यांत त्या असतात तेथे आसनाखाली पिवळ्या रंगाचे तारांचे जोड आढळतात. त्यांना स्वतः हात लावू नये, आसने जाणकाराकडूनच काढून घ्यावीत. आमच्या गाडीत पुढील प्रत्येक आसन चार बोल्टांवर बसविलेले आहे. बोल्ट गंजलेले असतील तर आदल्या रात्री त्यांवर तेल सोडून ठेवावे. जोर करून डोके झिजवू नये. मागील आसनाची गादी, दाराच्या उंबऱ्यावरील पट्ट्या, हँडब्रेक व गिअरजवळचे आवरण आणि सीटबेल्टचे खालचे बोल्ट या क्रमाने काढावे. प्रत्येक जागेचे बोल्ट निराळ्या वाटीत ठेवून वर चिठ्ठी लावावी. आमच्या सौ.च्या हळदीकुंकवाच्या वाट्या या कामी आल्या. त्यावरून जे संभाषण झाले ते येथे देत नाही.

कार्पेट उचलल्यावर वासाचे मूळ सापडले. वरचे कापड कोरडे होते. परंतु त्याखालील जाड नमदा अडीच महिन्यांनंतरही पिळला तर पाणी गळावे इतका ओला होता. वरून वाळवून आतला ओलावा जात नाही, हीच आमची पहिली चूक. पुराच्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळलेले असते. म्हणून असा नमदा वाळवून पुन्हा वापरू नये, हातमोजे घालून फेकूनच द्यावा. मात्र जुने कार्पेट फेकू नये. तोच नव्याचा नमुना होय.

चालकाच्या पायाखाली पत्रा गंजला होता. तारेचा ब्रश फिरविला तेव्हा एके जागी रुपयाएवढे भोक पडून खालची फरशी दिसली. क्षणभर आमच्या अंगावर काटा आला. कार्पेटच्या वरून आम्ही वर्षानुवर्षे निर्धास्त पाय ठेवीत होतो, आणि त्याखाली हे चालले होते! हे भोक बुजविणे आमच्या आवाक्यातले नव्हते. मिस्त्रींनी गाडी नेऊन पत्र्याचा तुकडा वेल्डिंगने बसवून दिला. उरलेला गंज आम्ही पॉलिश पेपरने घासला, तळ पुसून, पंखा लावून दोन दिवस वाळविला, मग रेड ऑक्साइडचे दोन हात आणि त्यावर रंगाचा एक हात दिला. तळाला रबरी बुचे असतात. ती तपासून घट्ट बसवावीत. उंबऱ्यालगत तारांची जुडी जाते, तिला धक्का लावू नये.

नवे कार्पेट घेताना फोम चिकटविलेले घेऊ नये. फोम पाणी धरून ठेवतो. साधे, न विणलेले, कृत्रिम धाग्याचे कार्पेट बरे. जुने कार्पेट त्यावर पसरून खडूने रेघ मारावी आणि चारी बाजूंनी दोन बोटे जास्त ठेवून कापावे. जास्तीचे नंतर कापता येते, कमी पडलेले जोडता येत नाही.

येथे आमची दुसरी चूक सांगितलीच पाहिजे. खडूची रेघ उलट्या बाजूवर स्पष्ट उमटते म्हणून आम्ही नवे कार्पेट उलटे पसरले. परंतु नमुना मात्र सुलटाच ठेवला. कापून गाडीत नेले तो चालकाची बाजू डावीकडे आणि प्रवाशाची उजवीकडे! घाईने उत्तरपत्रिका लिहिणाऱ्या मुलांना आम्ही तीस वर्षे जे बोलत आलो, ते सारे त्या वेळी आठवले. नाना ओसरीवरून पाहत होते. ते हसले नाहीत. "मापाचा कपडा दुसऱ्यांदा चांगला बेतता येतो," एवढेच म्हणाले. आम्ही दुसरा तुकडा आणला आणि या खेपेस नमुनाही उलटा ठेवला.

मधल्या उंचवट्यावर कापड बसताना चुण्या पडतात. तेथे काठाकडून लहान छेद द्यावेत. बोल्टांची छिद्रे कधीही ड्रिलने पाडू नयेत. धागे ड्रिलला गुंडाळून कार्पेट उसवते. बोटाने चाचपून छिद्राची जागा ओळखावी, दाभणाने खूण करावी, कार्पेट गाडीबाहेर काढून तापविलेल्या खिळ्याने छिद्र पाडावे. कडा वितळून बंद होतात. चिकटविण्यासाठी रबरी सोल्यूशन दोन्ही पृष्ठभागांवर पातळ लावावे, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबावे आणि मग दाबावे. या वेळी चारही दारे उघडी असावीत आणि जवळपास विडी-काडी नसावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पायपट्ट्यांची. ॲक्सिलरेटर, ब्रेक आणि क्लच तळापर्यंत दाबून पाहावेत. कार्पेटची घडी वा कड त्यांना किंचितही अडत असेल, तर तेवढा भाग निर्दयपणे कापून टाकावा. सौंदर्याला येथे स्थान नाही. तसेच आसनांचे आणि सीटबेल्टचे बोल्ट ज्याचे त्याच जागी घट्ट कसून घ्यावेत. आम्ही ते शेवटी मिस्त्रींकडून तपासून घेतले. त्यात कमीपणा मानला नाही.

वाया गेलेला तुकडा आणि वेल्डिंग धरून एकूण खर्च दोन हजार सहाशे रुपये आला, दिवस लागले सहा. जाणत्या कारागिराने हेच काम एका दिवसात केले असते आणि अधिक सफाईने केले असते, हे आम्ही मान्य करतो. मागल्या डाव्या कोपऱ्यात एक चुणी राहिली आहे ती राहिलीच आहे. परंतु कारागिराचे हात काय जाणतात याची थोडी ओळख झाली, आणि पायाखाली काय आहे हे एकदा डोळ्यांनी पाहिले.

सोल्यूशनचा वास जाण्यासाठी गाडी आठ दिवस दारे उघडी टाकून उन्हात ठेवली. त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी आम्ही काही न बोलता ती दाराशी आणून उभी केली. नाना आले, दार उघडून आत वाकले, दोनदा सावकाश श्वास घेतला. मग आत बसून काठी पायाशी ठेवीत म्हणाले, "पुस्तकं परत करायची राहिली आहेत रे. दंड झाला असेल."

दंड झाला होता. तो आम्ही आनंदाने भरला.