अठराव्या दिवसाची सुई

कोंबडीचे अंडे उबायला २१ दिवस लागतात. मोठ्या हॅचरीत १८व्या दिवसाच्या सुमारास अंडी ट्रेसकट एका यंत्राखाली जातात. कवचाला बारीक भोक पडते, सुई आत शिरते आणि मरेक्स रोगाची लस पिलाला जन्माआधीच मिळते. सुई आत जातेच आहे, तर तिच्यातूनच प्रतिजैविकही द्यावे, असे कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या हॅचरींनी ठरवले. औषध होते सेफ्टिओफर. नाभीतून शिरणाऱ्या ई. कोलाय जिवाणूंमुळे पहिल्या काही दिवसांत पिले दगावतात. ती मरतूक रोखायची होती. अंड्यात टोचण्यासाठी या औषधाला तिथे मंजुरी नव्हती, तरी ते टोचले जात होते. आजार अजून झालेला नाही, पिलू अजून जन्मलेले नाही, आणि औषध मात्र सरसकट प्रत्येक अंड्यात.

सेफ्टिओफर माणसाला देत नाहीत. पण सेफ्ट्रिॲक्सोनचे इंजेक्शन आपल्याकडे गावोगावच्या दवाखान्यांत ओळखीचे आहे, आणि ही दोन्ही एकाच कुळातली औषधे. लहान मुलाला किंवा गरोदर बाईला साल्मोनेला जिवाणूचा गंभीर संसर्ग झाला, तर डॉक्टरांची भिस्त याच इंजेक्शनावर असते. कोंबडीच्या आतड्यातल्या जिवाणूंना ‘सीएमवाय-२’ नावाचे जनुक मिळाले की त्यातून तयार होणारे विकर दोन्ही औषधे निकामी करते. हे जनुक प्लास्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर असते. एक जिवाणू त्याची प्रत शेजारच्या जिवाणूला देतो, मग तो शेजारी दुसऱ्या जातीचा का असेना. चिकन नीट शिजवले तर जिवाणू मरतात हे खरे. पण कच्चे मांस चिरलेल्या पाटावरच कोशिंबिरीची काकडी चिरली, की तो मार्ग मोकळा झाला.

क्वेबेकमध्ये हेच घडत असल्याचे उघडकीला आले ते कॅनडा सरकारच्या ‘सिपार्स’ या देखरेख योजनेमुळे. या योजनेत दुकानांतून चिकन विकत घेऊन तपासत, आणि रुग्णांमध्ये सापडलेले जिवाणूही तपासत. मला या गोष्टीतले सर्वांत मोलाचे काम हेच वाटते: दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवणे. २००४ साली क्वेबेकमधल्या चिकनमध्ये सापडलेल्या ‘साल्मोनेला हायडेलबर्ग’ या प्रकाराच्या दर १०० नमुन्यांपैकी ६२ सेफ्टिओफरला दाद देत नव्हते. माणसांमधल्या १०० पैकी ३६. आकडे जाहीर झाले आणि फेब्रुवारी २००५मध्ये हॅचरींनी आपणहून हे औषध टोचणे थांबवले. २००६मध्ये चिकनमधले प्रमाण ७ टक्क्यांवर आले, माणसांमधले ८ टक्क्यांवर. जेमतेम दोन वर्षांत!

पुढे २००७मध्ये काही हॅचरींनी औषध पुन्हा सुरू केले, आणि चिकनमधल्या ई. कोलायमध्ये प्रतिकार पुन्हा चढू लागला. संशोधक लुसी द्युतिल आणि सहकाऱ्यांनी हे सारे २०१०मध्ये प्रसिद्ध केले. नुसती घट झाली असती तर योगायोग म्हणता आला असता; औषध बंद झाल्यावर उतरलेला आलेख औषध सुरू होताच चढला, तेव्हा शंकेला फारशी जागा उरत नाही. अखेर मे २०१४पासून कॅनडाच्या कुक्कुट उद्योगाने माणसासाठी अतिमहत्त्वाच्या प्रतिजैविकांचा प्रतिबंधक वापर बंद केला.

भारताने जुलै २०१९मध्ये कोलिस्टिन या औषधाचा पोल्ट्रीसह सर्व खाद्यप्राण्यांमधला वापर बंद केला. इतर औषधे हरल्यावर अतिदक्षता विभागात हाताशी उरते ते हे औषध. बंदी योग्यच आहे. पण पुण्या-नाशिकच्या दुकानांतले चिकन आणि तिथल्याच रुग्णालयांतले नमुने महिनोन्‌महिने एकत्र तपासले, तरच तिचा परिणाम डोळ्यांना दिसेल.

औषध थांबवले तर पिलांचे काय, असे पोल्ट्रीवाला विचारणार, आणि त्याने विचारलेच पाहिजे. मरतुकीचा भुर्दंड त्याच्याच खिशाला बसतो. नाभीचा संसर्ग बहुतेक वेळा घाणीतून येतो. विष्ठेने माखलेली, जमिनीवर घातलेली अंडी उबवणीला लावायची नाहीत, अंडी घालायच्या पेट्यांतला भुसा वेळच्या वेळी बदलायचा, ट्रे आणि यंत्रे प्रत्येक खेपेनंतर धुऊन निर्जंतुक करायची, उबवणीतले तापमान आणि दमटपणा सांभाळायचा. या कामाला माणसे लागतात, आणि त्यांची मजुरी कोंबडीच्या भावात धरावी लागते.