मॉक ड्रिलचा बुधवार

सकाळी 7:45
रात्रपाळीच्या सिस्टरकडून चार्ज घेतला. दोन अपघात, एक सर्पदंश, एक विष घेतलेला मुलगा. महामार्गालगतच्या आमच्या जिल्हा रुग्णालयात ही शांत रात्र म्हणायची. लॅरिंगोस्कोपचा बल्ब लागतो का पाहिला, सक्शन चालू केलं, अँबू बॅग दाबून बघितली. "आज ड्रिल म्हणून एवढं का, सिस्टर?" वॉर्डबॉय मामांनी विचारलं. म्हटलं, "मामा, हे रोजचंच. ड्रिल म्हणून फक्त भिंती धुतल्यात."

8:30
आपत्तीचं कपाट. चार रंगांची कार्डं, स्प्लिंट, सलाईनचे सेट, मार्कर. याची चावी पूर्वी फक्त स्टोअरकीपरांकडे असे आणि ते संध्याकाळी घरी जात. किल्लारीचा भूकंप पहाटे 3:56 ला झाला होता, हे इतक्या वेळा ऐकवलं की आता एक चावी कॅज्युअल्टीत, काचेच्या पेटीत असते.
मग ऑक्सिजन. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण 7000 लिटर. मिनिटाला 10 लिटरने एका रुग्णाला साडेअकरा तास पुरतो, दहा जणांना तास-सव्वातास. हा हिशेब भिंतीवर लिहून ठेवलाय.

9:30
सर्जरी वॉर्डात राउंड. उद्या घरी जाऊ शकणारे आजच जाऊ शकतील का, एवढीच यादी करायची असते. खाटा अशाच निघतात.

11:00
ड्रिलची वेळ.

11:50
साहेब आले. ड्रिल सुरू.
बस उलटली, तीस जखमी, अशी कल्पना. नर्सिंगच्या मुली कपाळाला लाल रंग फासून जखमी झालेल्या. 108 ची सेवा राज्यात 2014 मध्ये आली. पण मोठ्या अपघातात तिच्या आधी जीप, रिक्षा, टेम्पो पोहोचतात आणि त्यांत बहुधा किरकोळ लागलेले असतात. त्यांनी खाटा धरल्या की मागून येणाऱ्या गंभीर रुग्णाला स्ट्रेचरही मिळत नाही. म्हणून निवड दारातच. चालता येतं? हिरवं कार्ड, ओपीडीच्या मांडवात. श्वास मिनिटाला 30 च्या वर, मनगटाला नाडी लागत नाही किंवा सांगितलेलं कळत नाही? लाल. उरलेले पिवळे.
आणि काळं. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास येत नाही, त्याला काळं कार्ड बांधून पुढे जायचं. आज एक इंटर्न तिथेच गुडघे टेकून छाती दाबू लागला. त्याला उठवावं लागलं. एरवी आम्ही त्याला हेच शिकवतो: जो सगळ्यांत वाईट, त्याच्याकडे आधी धाव. आपत्तीत एकावर चार हात अडकले की शेजारचे दोन वाचण्यासारखे जातात. हे कागदावर सोपं आहे. "काळी" झालेली मुलगी खुदकन हसली, तरी इंटर्नचा चेहरा उतरलेलाच होता.

12:40
खरी कसोटी उपचारांची नसते, नावांची असते. बेशुद्ध माणसाला "अनोळखी पुरुष 3" म्हणून मनगटावर पट्टी बांधायची. तोच आकडा केसपेपरवर, एक्स-रेवर, रक्ताच्या बाटलीवर. समाजसेवा अधीक्षक दर अर्ध्या तासाने फळ्यावर यादी लावणार. यादी नसली की नातेवाईक प्रत्येक वॉर्डात शिरतात, आणि ते चुकीचं वागतात असं मला कधी वाटलं नाही. पुढाऱ्यांच्या भेटीसाठी लिफ्ट अडते, त्याबद्दल मात्र तक्रार आहे. ड्रिलमध्ये पुढारी ठेवा, असं मी सुचवलं होतं.

दुपारी 2:00
ड्युटी बदलली. जेवण.

3:00
आढावा बैठक. फोनच्या यादीतले दोन नंबर बंद निघाले, त्यातला एक बदली होऊन गेलेल्या भूलतज्ज्ञांचा. रक्तपेढीच्या मॅडमनी त्यांचं नेहमीचं गाऱ्हाणं मांडलं: दुर्घटनेच्या संध्याकाळी दात्यांची रांग लागते, पण पिशवी टिकते 35 दिवस. त्या रांगेतल्या निम्म्यांचे फोन घेऊन पुढच्या आठवड्यात बोलवावं. हे लगेच मान्य झालं.
मी म्हटलं, पुढचं ड्रिल न सांगता घ्या, रविवारी पहाटे तीनला. साहेब हसले. इतिवृत्तात "विचाराधीन" अशी नोंद झाली.