अत्यल्प कार्बन मोनॉक्साइड: हवेत किती, रक्तात किती?

जबलपूर – नर्मदाकाठच्या या शहरात डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत अनेक घरांमध्ये दारे-खिडक्या बंद करून कोळशाच्या शेगडीची ऊब घेतली जाते. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवण्याची पद्धत येथे आणि महाराष्ट्रातही जुनी आहे. सकाळी डोके जड होणे, मळमळणे, थकवा वाटणे या तक्रारी सर्दीच्या किंवा जागरणाच्या समजल्या जातात. प्रत्यक्षात त्यांमागे कार्बन मोनॉक्साइड हा वायू असू शकतो. बंद खोलीतील मृत्यूंच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. मात्र या वायूची अल्प मात्रा अनेकदा मोजलीच जात नाही.

इंधन अपुरे जळाले की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीने धरून ठेवते. या संयुगाला कार्बॉक्सीहिमोग्लोबिन म्हणतात. शरीरात हा वायू स्वाभाविकपणेही किंचित तयार होतो. म्हणून निरोगी माणसाच्या रक्तातही त्याचे प्रमाण शून्य नसते. धूम्रपान न करणाऱ्यांत ते साधारणतः २ टक्क्यांच्या आत राहते, तर धूम्रपान करणाऱ्यांत ते ८ ते १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

हवेतील मोजणी

जबलपूरच्या मढाताल भागात मध्य प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळाचे स्वयंचलित केंद्र आहे. अशा केंद्रांमध्ये हवेच्या नमुन्यातून अवरक्त किरण सोडले जातात आणि वायूने त्यांपैकी किती शोषले, यावरून त्याचे प्रमाण ठरते. भारताच्या २००९ च्या मानकांनुसार ८ तासांची सरासरी प्रति घनमीटर २ मिलिग्रॅम आणि एका तासाची ४ मिलिग्रॅम यांहून अधिक नसावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये २४ तासांसाठी ४ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे.

हा आकडा मोकळ्या हवेचा असतो. चौकातील हवा चांगल्या श्रेणीत असतानाच जवळच्या घरातील बंद खोलीत प्रमाण कित्येक पटींनी वाढलेले असू शकते. घरगुती उपकरणे हे प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, असे दाखवतात. १ पीपीएम म्हणजे प्रति घनमीटर सुमारे १.१५ मिलिग्रॅम.

बाजारातील धोकासूचक यंत्रे विद्युत-रासायनिक संवेदकावर चालतात. ती जीव वाचवण्यासाठी बनवलेली आहेत, अल्प मात्रा दाखवण्यासाठी नव्हे. अमेरिकेतील मानकानुसार ७० पीपीएम पातळीला अशा यंत्राने १ ते ४ तासांच्या आत इशारा द्यावा, एवढीच अपेक्षा आहे. त्यामुळे यंत्र गप्प आहे म्हणजे हवा निर्दोष आहे, असे म्हणता येत नाही. उलट, इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होताना निघणाऱ्या हायड्रोजनमुळे ते विनाकारणही वाजू शकते. अल्प मात्रेसाठी आकडा सतत दाखवणारे आणि वेळोवेळी तपासून घेतलेले उपकरण लागते.

रक्तातील मोजणी

शरीरशास्त्रज्ञ जे. एस. हॉल्डेन यांनी १८९५ मध्ये स्वतः हा वायू श्वासावाटे घेऊन रक्ताच्या रंगातील बदलावरून त्याचे प्रमाण मोजले होते. आजचे को-ऑक्सिमीटर हे यंत्रही रंगावरच विसंबते. ते रक्तातून अनेक तरंगलांबींचा प्रकाश सोडून प्रमाण काढते. शिरेतील रक्त यासाठी पुरते. अधिक अचूकतेसाठी गॅस क्रोमॅटोग्राफी वापरली जाते.

कोविडच्या काळात घरोघरी पोहोचलेले पल्स ऑक्सिमीटर येथे फसवे ठरते. त्याला कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन प्राणवायूयुक्तच वाटते. रुग्ण बाधित असतानाही त्यावर ९८ दिसू शकते.

सर्वांत महत्त्वाची आहे ती वेळ. साध्या हवेत रक्तातील पातळी सुमारे ४ ते ५ तासांत निम्मी होते, तर मुखवट्याने शुद्ध प्राणवायू दिल्यास साधारण तासा-दीड तासात. समजा, पहाटे सहा वाजता बाळंतिणीच्या रक्तात ८ टक्के पातळी होती आणि नमुना अकरा वाजता घेतला, तर अहवालात ४ टक्क्यांच्या आसपास आकडा येईल. धूम्रपान करणाऱ्याच्या बाबतीत या आकड्यावरून फारसे काही सांगता येणार नाही. तिच्या बाबतीत मात्र तो धोक्याचा इशारा आहे. गर्भवतीच्या बाबतीत चिंता अधिक असते, कारण गर्भाच्या रक्तातील पातळी हळूहळू वाढत आईहून अधिक होऊ शकते आणि उशिरा उतरते. हृदयरोग्यांमध्ये तर २ ते ४ टक्के पातळीलाही श्रमानंतर छातीत दुखणे लवकर सुरू होते.

म्हणूनच अशा तक्रारी घेऊन रुग्णालयात जाताना खोलीत शेगडी किंवा गॅस गीझर सुरू होता का, खोली किती वाजता सोडली, घरातील इतरांनाही तोच त्रास होतो का आणि बाहेर पडल्यावर बरे वाटते का, हे डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे. नमुना घेतल्याची व प्राणवायू सुरू केल्याची वेळ नोंदवली गेली, तरच अहवालातील आकड्याचा अर्थ लावता येतो. संशय येताच मात्र मोजणीची वाट न पाहता दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांना मोकळ्या हवेत आणावे आणि शेगडी खोलीबाहेर विझवावी.