मेड इन कुठे? शर्टच्या लेबलमागचं गणित

लोकलमध्ये उभ्याने ऐकत असाल तर घरी पोचल्यावर एक काम करा. शर्टच्या कॉलरमागचं लेबल वाचा. परवा मी डोंबिवलीत एक शर्ट घेतला, त्यावर होतं 'मेड इन बांगलादेश'. समजा कापूस एका देशातला, कापड चीनमध्ये विणलेलं आणि शिलाई ढाक्याची, तर हा शर्ट नक्की कुठला?

कस्टम्सचं उत्तर सोपं वाटतं: मालाचं रूप जिथे शेवटचं खऱ्या अर्थाने बदललं, तो देश. नुसती इस्त्री, पॅकिंग किंवा लेबल बदलून देश बदलत नाही. पण 'खऱ्या अर्थाने' हे मोजायचं कसं? मी कोड लिहिणारा माणूस, म्हणून मला हे सरळ इफ-एल्ससारखं दिसतं.

बांगलादेशातून येणाऱ्या कपड्यांना साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार, लागू होतो. त्यात मुख्य अटी दोन.

पहिली अट, हेडिंग बदललं पाहिजे. जगभर प्रत्येक मालाला एचएस कोड असतो, त्याचे पहिले चार आकडे म्हणजे हेडिंग. सुती कापड 52व्या प्रकरणात, शिवलेला शर्ट 62व्या. म्हणजे कापडाचा शर्ट झाला की ही अट पूर्ण.

दुसरी अट, किमतीतला किमान 30% वाटा बांगलादेशचा हवा. शर्टची निर्यात किंमत 500 रुपये धरा. चिनी कापड 300 चं असेल तर उरलेले 200, म्हणजे 40%. पास! कापड 375 चं असेल तर उरतात 125, म्हणजे 25%. नापास.

पास-नापास याने फरक काय पडतो? 2018 पासून बऱ्याच कपड्यांवर मूळ कस्टम ड्युटी 20% आहे. सरचार्ज आणि जीएसटी बाजूला ठेवू. शर्ट 'बांगलादेशचा' ठरला तर ड्युटी शून्य. 'चीनचा' ठरला तर 500 वर 100 रुपये. शर्ट तोच, फक्त उत्तर वेगळं.

आता कल्याणहून थोडं पुढे भिवंडीला चला. तिथल्या पॉवरलूमवर कापड विणणाऱ्याचं दुखणं इथेच आहे. चिनी कापड थेट भारतात आलं तर त्यावर ड्युटी लागते. तेच कापड बांगलादेशात शिवून शर्ट बनून आलं, तर लागत नाही. आणि 30% ची अट पाळली असेल तर यात चोरी काहीच नाही, सगळं नियमात!

चोरी असते ती खोट्या कागदांत. त्यासाठी 21 सप्टेंबर 2020 पासून कॅरोटार नियम लागू झाले. आधी परदेशातून आलेलं ओरिजिन सर्टिफिकेट दाखवलं की बहुतेक काम व्हायचं. आता कापड कुठलं, किती टक्के मूल्य कुठे वाढलं, याची माहिती आयातदाराने स्वतःकडे ठेवायची, तीही किमान पाच वर्षं. म्हणजे 'मला काय माहीत, सप्लायरने सांगितलं' हे चालत नाही.

मग 17 मे 2025 ला सरकारने बांगलादेशी तयार कपड्यांना जमिनीवरच्या सीमेवरून यायला बंदी केली. वाट उरली फक्त समुद्राची: कोलकाता आणि आपलं न्हावा शेवा. त्यामुळे शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये तुमच्यापुढे अडकलेल्या कंटेनरमध्ये हाच वाद भरलेला असू शकतो.

एक गंमत सांगून थांबतो. उत्तर विचारणाऱ्यावरही अवलंबून असतं. अमेरिकेच्या नियमात सुती चादरीचा देश म्हणजे जिथे कापड विणलं तो, शिलाई कुठेही होवो. भारताने या नियमांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली होती. 2003 मध्ये आपण ती केस हरलो.

तेव्हा 'मेड इन' वाचून लगेच खूश किंवा नाराज होऊ नका. ते लेबल शेवटचा मोठा बदल कुठे झाला, एवढंच सांगतं. कापड कोणाच्या मागावर विणलं गेलं, हे त्यावर लिहिलेलंच नसतं. आणि भिवंडीच्या पोटाचा प्रश्न नेमका तिथेच आहे.

तुमच्या शर्टवर काय निघालं, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडला!