भिंतींइतकेच ट्रकही बघा!

पिंपरी-चिंचवडच्या उड्डाणपुलांखाली भिंतचित्रं भरपूर, पण बरीचशी स्वच्छतेच्या संदेशांची. रंग झकास, मजकूर सरकारी! मला विचाराल तर खरी रस्त्यावरची कला निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीत आणि चाकणच्या वाटेवर, ट्रकच्या फाळक्यांवर आहे. मोर, कमळ, नजर लागू नये म्हणून काढलेला राक्षसाचा मुखवटा आणि पेंटरची सावली दिलेली वळणदार अक्षरं. राजस्थानी, पंजाबी, तमिळ, प्रत्येक गाडीची धाटणी निराळी. २०१५मध्ये राज्याने ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी घातली. तरी ते दिसतंच! स्टिकरमुळे ब्रश मात्र मागे पडतोय.

भिंतीवर स्वतः हात चालवायचाय? आधी लेखी परवानगी घ्या. १९९५च्या विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आणि ट्रकचा फोटो काढण्याआधी चालकदादांना विचारा.