विश्लेषण : लिनक्सला ‘अटॅचमेंट’ का चालत नाही?

अँड्रॉइड फोनपासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांपर्यंत सगळे लिनक्स कर्नलवर चालतात. या कर्नलमध्ये दुरुस्ती सुचवायची तर आजही ई-मेल करावा लागतो, तोही फाइल न जोडता. हा नियम माहीत नसल्यास नवख्या प्रोग्रामरची बरोबर असलेली दुरुस्तीही बाजूला पडू शकते. काय आहे ही पद्धत?

पॅच म्हणजे काय?

कोडमधील बदलांची नोंद म्हणजे पॅच. वगळलेल्या ओळीपुढे उणे, तर नव्या ओळीपुढे अधिक चिन्ह असते. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिलेला ‘पॅच’ हा प्रोग्राम ही नोंद वाचून मूळ फाइलमध्ये बदल करतो. त्यामुळे हजारो ओळींची फाइल पाठवावी लागत नाही, पाच-दहा ओळींत काम भागते. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स सुरू केले. त्यांनीच २००५ मध्ये तयार केलेल्या ‘गिट’मध्येही ई-मेलने पॅच पाठवण्याची सोय आहे.

अटॅचमेंटला नकार का?

पॅच स्वीकारण्यापूर्वी इतर प्रोग्रामर तो तपासतात. ते ई-मेलला उत्तर देतात आणि ज्या ओळीत चूक दिसते, तिच्या खालीच शेरा लिहितात. पॅच अटॅचमेंटमध्ये असेल, तर अनेक ई-मेल प्रोग्राम त्याचा मजकूर उत्तरात घेत नाहीत. मग शेरा लिहायचा कुठे? शिवाय अटॅचमेंट हाताळण्यात टोरवाल्ड्स यांचा जास्त वेळ जातो आणि पॅच स्वीकारला जाण्याची शक्यता घटते, असे कर्नलच्या मार्गदर्शिकेतच नमूद आहे. अपवाद एकच. पाठवणाऱ्याचा ई-मेल प्रोग्राम पॅच बिघडवत असेल, तर त्याला अटॅचमेंट पाठवण्यास सांगितले जाऊ शकते.

मग मजकूर ‘पेस्ट’ केला तर?

तेही धोक्याचे. ब्राउझरमधील जीमेल टॅबच्या जागी स्पेस टाकते आणि लांब ओळी मध्येच तोडते. वाचताना फरक जाणवत नाही, पण पॅच लागू होत नाही. म्हणून ‘गिट सेंड-ईमेल’ ही कमांड वापरतात. त्याआधी ‘चेकपॅच’ ही स्क्रिप्ट मांडणीतील चुका दाखवते, तर ‘गेट मेंटेनर’ ही स्क्रिप्ट पॅच कोणाला पाठवायचा ते सांगते. पॅचच्या वर्णनाखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ हवीच. हा कोड देण्याचा आपल्याला अधिकार आहे, अशी ती हमी असते. पहिला पॅच आधी स्वतःलाच ई-मेल करून लागू होतो का, हे पाहणे उत्तम. उत्तर लगेच आले नाही, तर किमान आठवडाभर थांबावे.

सर्वच प्रकल्पांत हाच नियम आहे?

नाही. ‘पोस्टग्रेस’ या डेटाबेस प्रकल्पातही ई-मेलवरच चर्चा होते, पण तिथे पॅच अटॅचमेंट म्हणून चालतो. अनेक प्रकल्प गिटहब किंवा गिटलॅबवर बदल घेतात. त्यामुळे आधी त्या त्या प्रकल्पाचे नियम वाचणे आवश्यक ठरते.

लिनक्स ही पद्धत सोडत का नाही?

कर्नलची नवी आवृत्ती साधारण ९ ते १० आठवड्यांनी येते आणि तीत १० हजारांहून अधिक बदल असतात. एवढी तपासणी कोणत्याही एका कंपनीच्या संकेतस्थळावर अवलंबून राहू नये, हा ई-मेलचा मोठा फायदा. ई-मेल मंद इंटरनेटवरही चालतो, तसेच प्रत्येक चर्चा सार्वजनिक संग्रहात राहते. दहा वर्षांपूर्वी एखादी ओळ का बदलली, हे आजही शोधता येते.

याची किंमत नवख्यांना मोजावी लागते. कोड लिहिण्याआधी ई-मेलची जुळवाजुळव शिकावी लागते. कंपनीचा सर्व्हर मजकूर बदलत असेल, तर अडचण आणखी वाढते. त्यावर तोडगा म्हणून ‘बी-फोर’ हे साधन आले आहे. त्यातून स्वतःच्या ई-मेल सर्व्हरशिवाय, कर्नल प्रकल्पाच्या सर्व्हरमार्फत पॅच पाठवता येतो. तपासणाऱ्याच्या हाती मात्र तो पूर्वीसारखाच पडतो, साध्या मजकुराच्या ई-मेलमधून.